माध्यम साक्षरता आणि वर्गातील डिजिटल साधने : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

गेल्या दोन दशकांत महाविद्यालयीन वर्गखोलीचे रूप पालटले आहे. खडू-फळ्याच्या जोडीला प्रोजेक्टर आला, त्यामागोमाग स्मार्ट बोर्ड आला आणि आता बहुतेक विद्यार्थ्यांच्या खिशात मोबाइल आहे. नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालात या साधनांची नोंद आपण आवर्जून करतो. किती वर्गांत प्रोजेक्टर आहे, किती प्राध्यापक चित्रफितींच्या साहाय्याने शिकवतात, याचे तक्ते तयार होतात. मात्र पडद्यावर दिसणारे चित्र विद्यार्थी कसे वाचतो, या प्रश्नासाठी त्या तक्त्यांत रकाना नसतो.

या विसंगतीचे मूळ आपल्या परिभाषेतही आहे. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने 'संगणक साक्षरता' हा शब्द घरोघरी नेला. त्याचा लाभ लाखो विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांना झाला, हे निर्विवाद आहे. परंतु त्यामुळे 'साक्षरता' म्हणजे साधन चालवता येणे, असा अर्थ रूढ झाला. माध्यम साक्षरता ही याहून वेगळी गोष्ट आहे. संदेश कोणी, कशासाठी व कोणत्या रूपात घडवला आणि तो स्वीकारताना आपण स्वतः त्यात काय मिसळले, हे ओळखण्याची क्षमता म्हणजे माध्यम साक्षरता होय. डिजिटल साधने ही क्षमता कितपत वाढवतात आणि कोठे अपुरी पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनेची वाटचाल

माध्यम शिक्षणाचा विचार इंटरनेटच्या आधीचा आहे. १९८२ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीतील ग्रुनवाल्ड येथे युनेस्कोच्या पुढाकाराने झालेल्या बैठकीत माध्यम शिक्षणाविषयीचे घोषणापत्र तयार झाले. माध्यमांचा प्रभाव मान्य करून शिक्षणव्यवस्थेने नागरिकांना त्यांच्या चिकित्सक आकलनासाठी सिद्ध करावे, अशी त्यामागील भूमिका होती. १९८५ मध्ये ब्रिटिश अभ्यासक लेन मास्टरमन यांचा 'टीचिंग द मीडिया' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. माध्यमे वास्तवाचे प्रतिबिंब दाखवत नाहीत, ती वास्तवाची मांडणी करतात, हे त्यांचे प्रमुख प्रतिपादन होय. शिक्षक समोर नसताना विद्यार्थी किती चिकित्सक राहतो, हीच माध्यम शिक्षणाची खरी कसोटी असल्याचेही त्यांनी आग्रहाने मांडले. पुढे २०११ मध्ये युनेस्कोने शिक्षकांसाठी माध्यम व माहिती साक्षरतेचा अभ्यासक्रम सिद्ध केला.

या वाटचालीत साधनाला दुय्यम स्थान होते. मास्टरमन यांचा विद्यार्थी वृत्तपत्र आणि दूरचित्रवाणी यांच्यावर प्रश्न विचारायला शिकत होता. आज मात्र प्रश्नाची जागा साधनाने घेतलेली दिसते. 'पडताळणीची पाच साधने' अशा धर्तीच्या कार्यशाळा होतात, प्रमाणपत्रे दिली जातात आणि विषय संपला असे मानले जाते.

साधनांची शक्ती आणि मर्यादा

चित्राच्या आधारे शोध घेण्याची सुविधा टिनआय या संकेतस्थळाने २००८ मध्ये आणि गूगलने २०११ मध्ये उपलब्ध करून दिली. एखादे छायाचित्र पूर्वी कोठे प्रसिद्ध झाले होते, हे तिच्या साहाय्याने कळू शकते. चित्रफितीतील निवडक चौकटी वेगळ्या काढून त्यांचाही असाच शोध घेता येतो. जुन्या पुराचे छायाचित्र नव्या पुराचे म्हणून फिरत असेल, तर दोन मिनिटांत त्याचा उलगडा होतो. असा उलगडा पाहताना वर्गात जो उत्साह संचारतो, तो अध्यापनाच्या दृष्टीने मोलाचा आहे.

तथापि, हे साधन जुने चित्र शोधते, खोटे चित्र ओळखत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने नव्याने घडवलेल्या चित्राची पूर्वप्रत कोठेच नसते. ध्वनिफितीपुढे ही सुविधा निरुपयोगी ठरते. शिवाय व्हॉट्सअॅपवरील संदेश २०१६ पासून केवळ पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतात. त्यामुळे तेथे एखादा मजकूर कोठून सुरू झाला, हे बाहेरच्या व्यक्तीला शोधता येत नाही.

दुसरी मर्यादा पद्धतीची आहे. संकेतस्थळाची मांडणी नीटनेटकी आहे का, संपर्काचा पत्ता दिला आहे का, अशा प्रश्नांची यादी विद्यार्थ्यांना देण्याची प्रथा बरीच रूढ आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये या प्रथेला हादरा देणारा अभ्यास मांडला. इतिहासाचे १० अभ्यासक, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ पदवी विद्यार्थी यांना अपरिचित संकेतस्थळे पारखण्यास सांगण्यात आले. इतिहासाचे अभ्यासकही अनेकदा नीटस मांडणीला फसले. तथ्यतपासनीसांनी मात्र ते पान फार वेळ वाचलेच नाही. ते त्वरेने तेथून बाहेर पडले आणि त्या संकेतस्थळाविषयी इतरत्र काय लिहिले आहे, ते पाहू लागले. या कौशल्याला आपण 'आडवे वाचन' म्हणू शकतो. आपली संपूर्ण शिक्षणपद्धती 'उभ्या वाचना'वर, म्हणजे समोरचा मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत लक्षपूर्वक वाचण्यावर उभी आहे. ती सवय पाठ्यग्रंथासाठी आवश्यकच आहे. मात्र मजकुराचा कर्ताच अज्ञात असेल, तर आधी कर्त्याची चौकशी आणि मग वाचन, हा क्रम शिकवावा लागेल. मराठी विद्यार्थ्यापुढे येथे आणखी एक अडचण उभी राहते. आडवे वाचन करायचे, तर शेजारी वाचण्यासारखा विश्वसनीय मजकूर त्याच्या भाषेत असावा लागतो. इंग्रजीच्या तुलनेत मराठीत तो आजही तोकडा आहे.

एका चित्रफितीचे वाचन

या मर्यादा एका उदाहरणाने स्पष्ट होतील. कराचीतील रोशनी हेल्पलाइन या संस्थेसाठी बालसुरक्षेविषयी एक लघुचित्रफीत तयार करण्यात आली होती. रस्त्यावर मुले क्रिकेट खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोन इसम येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. काही क्षणांनी ते परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि एक फलक उलगडून दाखवतात. मुलाचे अपहरण होण्यास क्षणभरच पुरतो, असा त्या फलकाचा आशय आहे. २०१८ मध्ये ही चित्रफीत भारतात फिरली, तेव्हा तिचा शेवट कापलेला होता. बालकांचे रक्षण करण्यासाठी निर्मिलेली कलाकृती केवळ एका छेदाने अपहरणाचा 'पुरावा' ठरली.

प्रस्तुत लेखकाने तृतीय वर्षाच्या वर्गात दोन्ही रूपे दाखवली. चर्चेत विद्यार्थ्यांनी अनेक बारकावे टिपले. कॅमेरा उंचावर व स्थिर असल्यामुळे दृश्य सुरक्षा कॅमेऱ्याने टिपल्यासारखे वाटते. मूळ निर्मात्यांनी परिणामासाठी निवडलेली ही शैलीच पुढे फसवणुकीला उपयोगी पडली. 'चक्षुर्वै सत्यम्' या आपल्या परंपरागत विश्वासाचा असा दुरुपयोग होऊ शकतो, हे विद्यार्थ्यांना कोणत्याही व्याख्यानाशिवाय उमगले.

त्यानंतर विषय राईनपाड्याकडे वळला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी असल्याच्या संशयावरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेले होते. वर्गातील भटक्या जमातीच्या एका विद्यार्थ्याने तेव्हा विचारले, "सर, व्हिडिओ खरा असता तरी त्या पाच माणसांचा त्याच्याशी काय संबंध होता?"

या प्रश्नाने तासाची दिशा बदलली. पडताळणीचे कोणतेही साधन या प्रश्नाचे उत्तर देत नाही. चित्रफीत कोठली, हे साधन सांगते. परंतु चित्रातील अनोळखी इसमावरून बाजारातील अनोळखी माणसापर्यंत मनाने घेतलेली उडी साधनाच्या कक्षेबाहेर राहते. या उडीला इतिहास आहे. १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, तो कायदा रद्द झाला. फिरस्त्या माणसाविषयीचा संशय मात्र कायद्याबरोबर रद्द झाला नाही. अफवेने नवी भीती निर्माण केली, पण ती कोणावर रोखायची हे जुन्या पूर्वग्रहाने ठरवले. म्हणून माध्यम साक्षरतेचा पाठ समाजशास्त्राच्या आणि इतिहासाच्या पाठाशिवाय पूर्ण होत नाही.

'आप्त' कोण?

आपण ऐकीव माहितीवर विश्वास का ठेवतो, या प्रश्नाचा विचार न्यायदर्शनाने फार पूर्वी केला आहे. प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्यासह शब्द हे चौथे प्रमाण मानले गेले. मात्र तेथे कोणाचाही शब्द प्रमाण नाही. प्रमाण आहे तो आप्ताचा शब्द. आप्त म्हणजे ज्याला विषयाचे यथार्थ ज्ञान आहे आणि जे जाणले तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, असा वक्ता. मराठीत मात्र 'आप्त' शब्दाचा अर्थ नातलग असा झाला. कुटुंबाच्या गटावर काका किंवा मावशी जो संदेश पुढे पाठवतात, तो या दुसऱ्या अर्थाच्या आप्ताचा असतो. त्यांच्या हेतूत खोट नसते, काळजीच असते. परंतु त्यांना विषयाचे ज्ञान असतेच असे नाही. हितचिंतकाला आपण जाणकार समजतो, ही अफवेच्या प्रसाराची गुरुकिल्ली आहे. हा भेद समजावून सांगण्यासाठी इंटरनेटची जोडणी लागत नाही. घरातील वडीलधाऱ्यांचा अवमान न करता त्यांच्या संदेशावर शंका कशी घ्यावी, हे कौशल्यही याच भेदातून शिकवता येते.

प्रयोगांचे निष्कर्ष

या क्षेत्रातील भारतीय प्रयोग बोधप्रद आहेत. अँड्र्यू गेस व सहकाऱ्यांच्या २०२० मधील अभ्यासात काही सूचनांच्या वाचनाने अमेरिकेतील आणि भारतातील सुशिक्षित, ऑनलाइन सहभागींची खऱ्या-खोट्या बातम्यांतील पारख सुधारली. उत्तर भारताच्या ग्रामीण भागातील नमुन्यात मात्र तसा परिणाम आढळला नाही. सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये १२२४ व्यक्तींवर केलेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे तासाभराच्या भेटीत चित्रशोधासह पडताळणीची साधने शिकवूनही सरासरी परिणाम लक्षणीय ठरला नाही. सहभागींची राजकीय निष्ठा साधनापेक्षा प्रबळ ठरल्याच्या खुणाही त्यात दिसल्या.

याउलट, बिहारमध्येच तेरा हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांसाठी अनेक तासांचे नियमित वर्ग घेण्यात आले. या प्रयोगात बद्रीनाथन यांचाही सहभाग होता. पारखण्याची क्षमता सुमारे चार महिन्यांनंतरही टिकून असल्याचे त्यात आढळले. केरळातील कन्नूर जिल्ह्यात २०१८ मध्ये सुमारे १५० शासकीय शाळांत राबवलेला 'सत्यमेव जयते' हा उपक्रमही शिक्षकांच्या द्वारेच झाला. एका तासाची कार्यशाळा आणि वर्गातील सातत्यपूर्ण अध्यापन यांत हा फरक आहे. ही बाब आपणा प्राध्यापकांना दिलासा देणारी आहे, तशीच जबाबदारीची जाणीव करून देणारीही आहे.

अध्यापनासाठी काही विचार

प्रथम, माध्यम साक्षरतेसाठी स्वतंत्र विषयपत्रिकेची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. वाणिज्याच्या वर्गात झटपट परताव्याची जाहिरात, विज्ञानाच्या वर्गात चमत्कारिक औषधाचा दावा आणि मराठीच्या वर्गात थोरांच्या नावावर खपवलेले वचन हे सहज उपलब्ध होणारे पाठ आहेत.

दुसरे, प्रत्येकाकडे मोबाइल आणि डेटा आहे असे गृहीत धरू नये. चार विद्यार्थ्यांच्या गटाला एक मोबाइल पुरतो आणि त्यातून चर्चाही घडते. विद्यार्थ्यांचे खासगी गट वर्गात उघडण्यास मात्र कधीही सांगू नये.

तिसरे, मूल्यमापन 'खरे की खोटे' या उत्तराचे न करता त्या उत्तरापर्यंत जाण्याच्या मार्गाचे करावे. 'अद्याप ठरवता येत नाही' हे उत्तरही योग्य कारणांसह पूर्ण गुणांस पात्र असावे.

अखेरीस, सर्वच खोटे असते, असा समज वर्गातून बाहेर जाऊ नये. सरसकट अविश्वास हा अंधविश्वासाचाच दुसरा अवतार आहे. प्रामाणिक वार्ताहराचे परिश्रम आणि अफवा यांना एकाच तराजूत तोलणारा विद्यार्थी साक्षर झाला, असे म्हणता येणार नाही.

समारोप

डिजिटल साधने माध्यम साक्षरतेला उपकारक आहेत. परंतु ती साक्षरतेची जागा घेऊ शकत नाहीत. साधन संदेशाचा उगम दाखवते. त्या संदेशावर आपण विश्वास का ठेवला, हे वाचण्यासाठी भाषा, इतिहास आणि आत्मपरीक्षण लागते. व्हॉट्सअॅपने जुलै २०१८ मध्ये भारतात संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवण्याची मर्यादा घालण्यास सुरुवात केली. तंत्रज्ञानाने अफवेचा वेग कमी होऊ शकतो, हे त्यातून दिसते. अफवा आपल्यापाशी येऊन थांबावी, असे वाटणारा माणूस घडवणे हे मात्र शिक्षणाचे कार्य आहे. त्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न कोणत्याही नोंदतक्त्यात बसत नाही. तरीही असे प्रश्न निर्भयपणे विचारता येतील असा वर्ग आपण निर्माण केला का, यावरच आपल्या माध्यम शिक्षणाचे यशापयश जोखावे लागेल.