डुंडुभाची कैफियत

गेल्या श्रावणातील गोष्ट. कोसाडला आमच्या वस्तीत मराठी घरांची नागपंचमी शुद्ध पक्षात होते आणि गुजराती शेजाऱ्यांची वद्य पक्षात. मध्ये पंधरवडा जातो. त्या पंधरवड्यातच एका सायंकाळी पावसाच्या पाण्याबरोबर देवळाच्या अंगणात एक साप आला. ओरडा झाला, कोणी काठी आणली, आणि आरतीची घंटा वाजण्यापूर्वी तो मारला गेला. मागाहून एका जाणत्या गृहस्थांनी पाहून सांगितले की ती दिवड होती. पाणथळ जागी बेडूक-मासे खाऊन राहणारी, सर्वस्वी बिनविषारी. आठच दिवसांपूर्वी पाटावर गंधाने नाग काढून ज्यांनी त्यास दूध-लाह्या वाहिल्या होत्या, तीच मंडळी तेथे उभी होती. त्यांत आम्हीही होतो, आणि आम्ही काही बोललो नाही.

घरी परतताना आमच्या एका स्नेह्यांचे महाविद्यालयात शिकणारे चिरंजीव बरोबर होते. त्यांनी विचारले, “काका, इंग्रजी अद्भुत कादंबऱ्यांत ऑर्क नावाची एक जात असते. ती जन्मतःच दुष्ट. त्यांतले कितीही मारले तरी नायकाला पाप लागत नाही. तुम्ही वकील आहात. हे न्यायात बसते का?” आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून गेला नाही, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही त्या कादंबऱ्यांपासून आपल्याच महाभारताच्या दाराशी येऊन पोहोचलो.

प्रथम त्या परकीय साहित्याविषयी. टोल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ साली तीन भागांत प्रसिद्ध झाली. तीत ऑर्क हे शत्रूचे सैनिक आहेत. ते आपसांत बोलतात, कुरकुरतात, वरिष्ठांना भितात; म्हणजे त्यांना मन आहे. तरीही त्यांतील एकालाही शरण येऊन जगण्याची वाट कथेने मोकळी ठेवलेली नाही. टोल्किन स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होते. ज्याला मन आहे त्याला उद्धाराची आशाच नाही, हे त्यांच्या श्रद्धेत बसेना; म्हणून ऑर्कांची उत्पत्ती कशी झाली याची निरनिराळी उत्तरे ते अखेरपर्यंत लिहीत राहिले, पण त्यांचे समाधान झाले नाही. लेखकाची ही अस्वस्थता आम्हास त्याच्या थोरवीची खूण वाटते. त्याच्या अनुकरणकर्त्यांनी ऑर्क तेवढे उचलले. अस्वस्थता मागेच राहिली.

वेल्स यांनी १८९८ च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये मंगळावरून आलेल्या आक्रमकांना बोलू दिलेले नाही. मात्र आरंभीच ते आपल्या इंग्रज वाचकाला टास्मानियातील मूळ रहिवाशांच्या संहाराची आठवण देतात आणि सुचवितात की मंगळवासीयांना दोष देण्यापूर्वी आपण आपल्याकडे पाहावे. चेक लेखक चापेक यांनी १९३६ साली सॅलॅमँडरांवर कादंबरी लिहिली. माणसे त्या जलचरांना आधी मोती काढावयास लावतात, मग समुद्राखालच्या मजुरीस जुंपतात. त्यांतला एक लंडनच्या प्राणिसंग्रहालयात वर्तमानपत्र वाचू लागतो. त्याच्या परीक्षेस बसलेले विद्वान निर्वाळा देतात की ह्याच्या बुद्धीचे फार कौतुक करण्याचे कारण नाही, कारण ती आजच्या सामान्य माणसाहून अधिक नाही! आमच्याकडे जयंत नारळीकरांनी १९७९ च्या आपल्या विज्ञानकथासंग्रहास ‘यक्षांची देणगी’ हे नाव दिले. ह्या नव्या वाङ्मयप्रकारास नाव देतानाही मराठी लेखणी पुराणातील भिन्न योनीकडेच वळली, हे आम्हास अर्थपूर्ण वाटते. आपल्याला हा विषय नवा नाही.

ह्या साऱ्या वाङ्मयास लावण्याजोगी आमची कसोटी एकच आहे, आणि ती न्यायालयातून आलेली आहे: कोणासही त्याची बाजू ऐकल्याशिवाय दोषी ठरवू नये. भिन्न योनीतील पात्र कथेत असणे पुरेसे नाही. त्यास बोलू दिले आहे काय, आणि बोलल्यावर ऐकले आहे काय, हे पाहिले पाहिजे.

आता आदिपर्व उघडावे. जनमेजयाच्या सर्पसत्रातील भीषण आहुती येण्यापूर्वी महाभारतकारांनी दोन लहान कथा ठेवल्या आहेत. पहिली सरमेची. जनमेजयाच्या यज्ञस्थानी आलेल्या एका कुत्र्याच्या पिलाला त्याच्या भावांनी अपराध नसता मारले. त्याची आई, देवांची कुत्री सरमा, सभेत येऊन विचारते की माझ्या मुलाने हवीकडे पाहिले नाही, तो चाटला नाही, मग त्यास का मारले? सभेत कोणी उत्तर देत नाही. तेव्हा तुजवर अदृष्ट भय येईल, असा शाप ती देते. एवढ्या थोर ग्रंथाच्या दारातच एका कुत्रीची फिर्याद नोंदविलेली आहे.

दुसरी कथा रुरूची. त्याची वाग्दत्त वधू प्रमद्वरा सर्पदंशाने मरण पावली. आपले अर्धे आयुष्य देऊन त्याने तिला उठविले, आणि पुढे दिसेल तो साप मारण्याची प्रतिज्ञा केली. एके दिवशी वनात एक वृद्ध डुंडुभ, म्हणजे बिनविषारी सरपटणारा जीव, त्याच्या दृष्टीस पडला. रुरूने काठी उगारली. तेव्हा डुंडुभाने जी कैफियत मांडली ती आमच्या वाचनातील उत्तम कैफियतींपैकी एक आहे. आशय असा: मी तुझा काही अपराध केलेला नाही. माणसांना दंश करणारे सर्प वेगळे. त्यांच्या वाट्याचे दुःख मात्र आम्हास भोगावे लागते. त्यांचे सुख आमच्या वाट्यास येत नाही. नावाच्या सारखेपणावरून आम्हास मारू नकोस. पूर्वग्रहाची याहून नेमकी व्याख्या कोणत्या ग्रंथात सापडेल? रुरूचे दुःख खरे होते, सर्पदंश खरा होता. खोटा होता तो एवढाच निष्कर्ष, की एकाने केले ते सर्वांनी केले.

परंतु टीकाकाराने येथेच थांबू नये. रुरूने काठी का आवरली? हा साप नसून कोणी ऋषी असावा असे त्यास वाटले म्हणून. आणि तो खरोखरच शापित ऋषी निघाला. खांडववनाच्या दाहातही हेच दिसते. त्या आगीतून सहा जीव वाचल्याचे सांगितले आहे: तक्षकपुत्र अश्वसेन, मयासुर आणि चार शार्ङ्गक पक्षी. मयाने अर्जुनाचा धावा केला. पक्षी मंदपाल ऋषीचे पुत्र होते, त्यांना अग्नीची स्तुती करता आली. अश्वसेनासाठी त्याच्या आईने प्राण दिले. म्हणजे ज्यांचे आपल्याशी काही नाते निघाले, ज्यांना आपली भाषा आली, त्यांची गणना झाली, बाकीचे जळाले. ‘युगान्त’मध्ये (१९६७) इरावती कर्वे यांनी ह्या दाहाकडे निर्भीडपणे पाहावयास मराठी वाचकाला शिकविले, हे त्यांचे मोठेच ऋण आहे.

किष्किंधाकांडातील वालीचा वाद याहून अवघड आहे, आणि त्याविषयी आम्ही श्रद्धापूर्वकच लिहितो. सतराव्या सर्गात बाण लागून पडलेला वाली आपली बाजू मांडतो. अठराव्यात रामचंद्र उत्तर देतात. धाकट्या भावाची पत्नी ठेवून घेतलीस म्हणून तू धर्मतः दंडास पात्र आहेस, हा एक मुद्दा. तू शाखामृग आहेस, आणि मृगाची शिकार आडून करण्यास प्रत्यवाय नाही, हा दुसरा. वकिलास येथे अडखळल्यासारखे होते. कारण पहिल्या मुद्द्यासाठी वाली धर्म जाणणारा व्यक्ती असावा लागतो आणि दुसऱ्यासाठी पशू. कर्तव्यापुरता माणूस आणि हक्कापुरता जनावर, अशी ही विभागणी जगातील प्रत्येक दुबळ्या समाजाच्या वाट्यास कधी ना कधी आलेली आहे. वाली अखेर समाधान पावतो, हे ग्रंथात आहेच. परंतु आदिकवीने शत्रूस एक अख्खा सर्ग बोलू दिला, हेही ग्रंथातच आहे. ऑर्काला तेवढे मिळाले नाही.

कोणी म्हणेल, राक्षस-असुर ही दुर्गुणांची रूपके आहेत. त्यांस न्याय कसला? आमचे उत्तर आपल्या दिवाळीतच आहे. गोमंतकात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराची प्रतिमा जाळतात, आणि लगेच बलिप्रतिपदेस बळीराजाचे पूजन होते. दोघेही असुर. प्रल्हाद दैत्यकुळातला, बिभीषण राक्षसकुळातला. असुरत्व हाच अपराध असता तर हे सर्व एकाच होळीत गेले असते. आपल्या परंपरेने निवाडा कुळावर नव्हे, करणीवर केला आहे. तो जेथे केला नाही तेथे तिच्याच ग्रंथांनी हळहळ नोंदविली आहे.

रूप वेगळे म्हणून व्यक्तित्व नाकारावे, असे आपला कायदाही म्हणत नाही. देवळातील मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. ती मालमत्ता धारण करते, दावा लावते. १९२५ साली प्रमथनाथ मलिक यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने कुलदेवतेच्या इच्छेचाही विचार झाला पाहिजे असे मानले व त्यासाठी तिच्या वतीने बोलणारा नेमावा असे ठरविले. जी बोलू शकत नाही तिचीही बाजू ऐकण्याची ही रीत आपण देवळात मान्य करतो. अंगणात आलेल्या जिवापुरती ती विसरतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांनाही संरक्षण दिले आहे, हे आम्ही त्या सायंकाळी सांगू शकलो असतो.

महाभारताच्या दारात एक कुत्रा आहे, तसा शेवटीही आहे. महाप्रस्थानिक पर्वात इंद्राचा रथ येतो, आणि सोबत आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गास येण्याचे युधिष्ठिर नाकारतो. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे आपण सर्व कौतुकाने सांगतो. पण ते मागाहून कळले. युधिष्ठिराने नकार दिला तेव्हा त्याच्यापुढे केवळ एक कुत्रा होता, ऋषी नव्हे, देव नव्हे. रुरूला न साधलेले येथे साधले. सरमेच्या प्रश्नाला सभेने न दिलेले उत्तर ते हेच, असे आम्हास वाटते. परका आपल्यासारखा निघाला म्हणून त्यास न्याय देणे सोपे. तसे काही निघण्यापूर्वी देणे हा धर्म.

हे लिहीत असताना आमच्या मेजावर एका गृहनिर्माण मंडळीच्या नियमांचा मसुदा पडलेला होता. घर भाड्याने कोणास देऊ नये, याचे एक कलम आम्हीच त्यात लिहिले होते. कोणत्याही जातीधर्माचे नाव न येता विशिष्ट लोक बाहेर राहतील अशा सफाईने. कारण विचारले तेव्हा सांगितले गेले होते, की पूर्वी तसल्या एका भाडेकरूने फार त्रास दिला. त्रास खरा असेल. रुरूचे दुःखही खरे होते. ते कलम आम्ही खोडले, आणि प्रत्येक अर्जदारास समक्ष बोलावून त्याचे म्हणणे ऐकावे असे त्या जागी लिहिले. मंडळीला ते रुचलेले नाही. मसुदा बहुधा दुसऱ्या वकिलाकडे जाईल.

चिरंजीवांच्या प्रश्नाला आमचे उत्तर मात्र आता तयार आहे. नाही, ते न्यायात बसत नाही. आणि त्यांनी विचारले ते ऑर्कांविषयी असले, तरी अंगणातली काठी त्यांनीही पाहिली होती.