सहीपुरता साक्षीदार : ‘सिकारिओ’ या चित्रपटावरील प्रतिक्रियांचा विचार

देनी व्हिलनव्ह यांनी दिग्दर्शित केलेला व टेलर शेरिडन यांनी लिहिलेला ‘सिकारिओ’ हा चित्रपट २०१५ च्या मे महिन्यात कान महोत्सवाच्या स्पर्धा-विभागात दाखविण्यात आला. अमेरिका व मेक्सिको यांच्या सीमेवर चाललेले अमली पदार्थविरोधी ‘युद्ध’ हा त्याचा विषय. रॉजर डीकिन्स यांचे छायाचित्रण आणि योहान योहानसोन यांचे संगीत यांविषयी समीक्षकांत फारसा मतभेद झाला नाही. दोहोंना ऑस्करची नामांकनेही लाभली. मतभेद झाला तो आशयाविषयी. नायिका केट मेसर ही अखेरपर्यंत निष्क्रिय राहते, हा एक आक्षेप. मेक्सिकोचे, विशेषतः सिउदाद हुआरेस या शहराचे, चित्रण अन्याय्य आहे, हा दुसरा. हे दोन आक्षेप सामान्यतः वेगवेगळे मानले गेले. वस्तुतः त्यांचे मूळ एकच आहे, आणि त्या मुळाशी भाषेचा, म्हणजे कोणाला बोलू दिले जाते आणि कशासाठी, हा प्रश्न आहे.

आरंभ शीर्षकापासून करणे इष्ट ठरेल. चित्रपटाच्या प्रारंभीच या शब्दाचे दोन अर्थ पडद्यावर दिले आहेत : रोमनांविरुद्ध शस्त्र उचलणारे जेरुसलेमचे कडवे बंडखोर, आणि मेक्सिकोतील भाडोत्री मारेकरी. मूळ लॅटिन शब्द ‘सिका’, म्हणजे आखूड वाकडा खंजीर, यावरून ‘सिकारिउस’ हा शब्द बनला. इ. स. पू. ८१ मधील सुल्लाच्या कायद्यात तो मारेकऱ्याचा वाचक आहे. पुढे पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसेफस याने ग्रीकमध्ये लिहिताना तोच शब्द त्या बंडखोरांना लावला. म्हणजे बंडखोरांची ही ओळख राज्यकर्त्यांच्या कायद्याच्या भाषेतून आली. त्या बंडखोराला कोणी पैसे देत नव्हते. उलट आजच्या स्पॅनिशमधील ‘सिकारिओ’ या शब्दाचे मर्मच मोबदला हे आहे. मराठीत रूढ झालेल्या ‘सुपारी’ या शब्दातही शस्त्राचा उल्लेख नाही, व्यवहाराचा आहे.

चित्रपटातील आलेहांद्रो (बेनिसिओ देल तोरो) या पात्रात हे दोन्ही अर्थ एकवटतात. तो एके काळी हुआरेसमधील सरकारी वकील होता. टोळीच्या म्होरक्याने त्याच्या पत्नीची आणि मुलीची निर्घृण हत्या करविली. आता तो सूडासाठी मारतो, आणि हा सूड अमेरिकी गुप्तचर यंत्रणेला सोयीचा असल्याने ती त्याला कामावर लावते. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर येथे ‘मारणारा’ समोर दिसतो आणि ‘मारविणारा’ वाक्याबाहेर राहतो. शोकही भाड्याने घेता येतो, ही या चित्रपटातील खरी भीषण गोष्ट होय.

केटवरील आक्षेप या पार्श्वभूमीवर तपासला पाहिजे. ॲरिझोनातील एका घराच्या भिंतींत दडविलेली प्रेते तिच्या पथकाला सापडतात, आणि त्यामागील सूत्रधारांना पकडण्याच्या आशेने ती मॅट ग्रेव्हर (जॉश ब्रोलिन) याच्या मोहिमेत सामील होते. तिला प्रश्न विचारण्याची मुभा आहे, उत्तरे मात्र मिळत नाहीत. तुझ्या अमेरिकी कानांना यातले काही उमगणार नाही, अशा अर्थाचे आलेहांद्रोचे उद्गार तिला आरंभीच ऐकावे लागतात. उत्तरार्धात तिला कळते की, सी. आय. ए. ला देशाच्या हद्दीत देशांतर्गत यंत्रणेच्या सोबतीवाचून कारवाई करता येत नाही, आणि केवळ ती अट पुरी करण्यासाठी आपणास घेतले आहे. अखेरीस सारे नियमानुसार घडले अशा निवेदनावर आलेहांद्रो हनुवटीखाली पिस्तूल धरून तिची सही घेतो.

जॉन ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठातील व्याख्यानांत दाखवून दिले की, काही उक्ती वर्णन करीत नाहीत, त्या स्वतःच कृती असतात. मात्र त्या कृतीची सिद्धी परिस्थितीच्या यथायोग्यतेवर अवलंबून असते. केटची सही ही अशीच एक उक्ती. बळजबरीने घेतल्यामुळे ती खरे पाहता विफल. तरी दप्तरी ती सफल ठरणार. कायद्याची भाषा शाबूत ठेवून तिच्यातील अर्थ काढून घेणे म्हणजे काय, हे या प्रसंगाइतके नेमके क्वचितच दाखविले गेले असेल. केट कर्ती असती, तर हा अर्थच उरला नसता. तिची निष्क्रियता हा पटकथेचा दोष नव्हे. तो तिचा विषय आहे. आलेहांद्रोचे बरेचसे लिखित संवाद देल तोरो व दिग्दर्शक यांनी चित्रीकरणात गाळले, हेही याच्याशी सुसंगतच. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला बोलण्याची गरज पडत नाही.

दुसऱ्या आक्षेपाला मात्र इतके समाधानकारक उत्तर मिळत नाही. हुआरेसचे तत्कालीन महापौर एन्रिके सेर्रानो यांनी २०१५ मध्ये नागरिकांना चित्रपटावर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले. पडद्यावरील हिंसा गतकाळातील आहे, आणि शहराने कष्टाने मिळविलेल्या लौकिकाला तिने बाधा येते, असा त्यांचा युक्तिवाद होता. फेलिपे काल्देरोन यांनी २००६ च्या अखेरीस टोळ्यांविरुद्ध सैन्य उतरविल्यानंतर देशात हिंसाचार भडकला. २०१० मध्ये एकट्या हुआरेसमध्ये ३,००० हून अधिक खून झाले, आणि २०१५ पर्यंत हा आकडा सुमारे ३०० पर्यंत खाली आला होता. चित्रपट मात्र आपली कथा वर्तमानकाळात घडवितो आणि पुलावर टांगलेल्या प्रेतांनी शहराची ओळख करून देतो. अनेकांनी हा आक्षेप नागरी अस्मितेचा म्हणून बाजूला सारला. तो तसा सारता येण्याजोगा नाही.

कारण ग्रेव्हर केटचा जसा उपयोग करतो, बव्हंशी तसाच उपयोग चित्रपट हुआरेसचा करतो. केटची सही मोहिमेला वैधता देते. हुआरेसचे नाव कथेला सत्यतेचा शिक्का देते. शहर उपस्थित असते, पण त्याला विचारले काहीच जात नाही. त्याचे दर्शन घडते ते बहुधा वेगाने धावणाऱ्या गाड्यांच्या काचेतून किंवा आकाशातून. याला मोठा अपवाद सिल्व्हिओ या मेक्सिकन पोलिसाचा. त्याचा नाश्ता, फुटबॉलसाठी त्याच्या मागे लागलेला मुलगा, ही दृश्ये कथेच्या प्रवाहाला आडवी येत राहतात. तो टोळीसाठी माल वाहतो, आणि आलेहांद्रो त्याला जाता जाता मारून टाकतो. शेवटच्या दृश्यात त्याचा मुलगा मैदानावर खेळत असताना दूर गोळीबार ऐकू येतो; खेळ क्षणभर थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. चित्रपटाला आपल्या उणिवेची जाणीव आहे, याचा हा पुरावा होय. परंतु सिल्व्हिओच्या वाट्याला जे शब्द येतात ते मोजकेच आहेत. त्याने हा मार्ग का पत्करला हे त्याच्या तोंडून कधी ऐकायला मिळत नाही. त्याच्याविषयी करुणा वाटते, त्याची साक्ष मात्र नोंदली जात नाही.

२०१८ साली स्टेफानो सोल्लिमा यांच्या दिग्दर्शनाखाली या कथेचा पुढील भाग आला, त्यात केट नाही. विचारणारे कोणीच नसल्याने तेथे उरते ती मुख्यतः मोहीम. पहिल्या चित्रपटाचे बळ केटच्या अनुत्तरित प्रश्नांत किती होते, हे यावरून ध्यानी यावे.

‘सिकारिओ’वरील दोन्ही आक्षेप म्हणून एकत्र वाचले पाहिजेत. बळजबरीची सही म्हणजे साक्ष नव्हे, हे चित्रपटाने केटच्या बाबतीत निःसंदिग्धपणे सांगितले आहे. हुआरेसच्या महापौरांनी बहिष्काराच्या आवाहनाच्या रूपाने तेच स्वतःच्या शहराविषयी सांगितले. चित्रपटाने मांडलेला निकष त्यालाच लावला, तर महापौरांची तक्रार ही त्यावरील सर्वांत जवळून केलेली टीका ठरते.