‘विनोद’ या संज्ञेवरील भार : इंग्रजी हास्यवाचक शब्दांचे मराठी पर्याय

न. चिं. केळकर यांच्या ‘हास्यविनोदमीमांसे’पासून गो. मा. पवार यांच्या ‘विनोद : तत्त्व व स्वरूप’ या ग्रंथापर्यंत मराठीत विनोदाची तात्त्विक चर्चा पुष्कळ झाली आहे. तथापि तिचा लाभ उपयोजित समीक्षेला फारसा झालेला दिसत नाही. इंग्रजीत ह्यूमर, विट, जॉक्युलर, व्हिम्झिकल, फसीशस हे शब्द खेळकरपणाच्या निरनिराळ्या छटा दाखवितात. मराठी समीक्षक बहुधा ‘विनोदी’ या एकाच विशेषणावर भागवितो.

‘ह्यूमर’चा मूळ लॅटिन अर्थ ओलावा, म्हणजे शरीरातील द्रव. त्यावरून हा शब्द स्वभावाला, पुढे स्वभावातील विक्षिप्तपणाला लागला. बेन जॉन्सनच्या १५९८ मधील ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ या नाटकाच्या शीर्षकात हाच अर्थ आहे. ‘विट’चे मूळ जाणण्यात, बुद्धीत आहे. ‘विनोद’ मात्र संस्कृतात दूर सारणे, मन रमविणे या अर्थाचा. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची कोटी बुद्धीतून येते, चिं. वि. जोशी यांचा चिमणराव स्वभावातून हसवितो. दोघांनाही ‘विनोदी’ म्हटले की हा भेद पुसला जातो.

‘फसीशस’ या शब्दाची अडचण याहून सूक्ष्म आहे. सुसंस्कृत, चतुर या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो आला. आज त्यात गंभीर प्रसंगी अस्थानी थट्टा केल्याचा ठपका असतो. ‘गमत्या’ म्हटल्यास ठपका जातो, ‘थिल्लर’ म्हटल्यास खेळकरपणा. मराठी बोलीत हा आशय ‘ही काय चेष्टेची वेळ आहे?’ अशा पूर्ण वाक्याने व्यक्त होतो. येथे भाषेचे दारिद्र्य मानण्याचे कारण नाही. शब्दाला शब्द देण्याचा कोशीय आग्रह तेवढा सोडावा लागतो. ‘चेष्टा’ हा शब्दही संस्कृतातील ‘हालचाल’ या अर्थापासून बराच दूर आला आहे.

मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलालगतच्या वाकोल्यासारख्या बहुभाषिक वस्तीत हा प्रश्न उलट्या बाजूने येतो. तेथील तरुणांच्या बोलण्यात ‘सार्कॅझम’ हा शब्द साध्या मस्करीसाठीही सर्रास येतो. मूळ ग्रीक धातूत मांस ओरबाडण्याचा अर्थ आहे. मस्करीत ओरखडाही अपेक्षित नसतो. बोलण्यात हे खपते. परंतु हाच शब्द ‘उपरोधिक’ होऊन उत्तरपत्रिकेत उतरला, की पु. ल. देशपांडे यांचे प्रेमळ थट्टेने भरलेले लेखनही उपरोधाच्या खात्यात जमा होते.

‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) या पुस्तकाला सरसकट ‘नर्मविनोदी’ म्हणणेही तितकेच ढोबळ आहे. त्यातील ‘नंदा प्रधान’ला ते विशेषण लागूच पडत नाही. ‘अंतू बर्वा’च्या बाबतीत तर निवेदकाचा विनोद आणि अंतूची वाणी वेगळी करणे अगत्याचे ठरते. निवेदकाच्या दृष्टीत जिव्हाळा आहे. अंतूचे बोलणे खवचट आहे, आणि त्या खवचटपणामागे एकाकी म्हातारपण व दारिद्र्य उभे आहे. ‘ह्यूमरस’ हे विशेषण निवेदकाला शोभेल, अंतूला नव्हे. त्याच्यासाठी ‘सार्डोनिक’ हा शब्द जवळचा, पण त्यात कोकणी आपुलकीचा मागमूस नाही. ‘खवचट’ या शब्दाला ती सोबत घेता येते, आणि तरीही तो समीक्षेच्या परिभाषेबाहेरच राहिला आहे.