विस्मृत ध्वनिमुद्रिकांचा पुनर्शोध : श्रवण आणि श्रेय

मराठी मुलखात, विशेषतः यवतमाळसारख्या जिल्ह्यात, रेकॉर्ड म्हटली की आठवतात ती नाट्यपदे, भावगीते किंवा लग्नमांडवातील ध्वनिक्षेपकावरून गावभर ऐकू येणारी चित्रपटगीते. त्याच तबकडीच्या युगात मुंबईत रॉक, सोल व डिस्को या वळणाचे संगीतही ध्वनिमुद्रित होत होते, याची दखल आपल्या संगीतसमीक्षेने क्वचितच घेतली. ‘सिमला बीट’ स्पर्धेतील वाद्यवृंदांच्या १९७० व १९७१ च्या ध्वनिमुद्रिका आज संग्राहकांच्याच चर्चेत उरल्या आहेत. या उपेक्षित संचिताचा शोध पुढे परदेशी संग्राहकांनी घेतला. मात्र शोध कोणी घेतला यापेक्षा तो कोणत्या निकषावर घेतला गेला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

चरणजित सिंग यांची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात वादक म्हणून कारकीर्द घडविलेल्या या कलावंताने १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या साहाय्याने दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले. एच.एम.व्ही.ने काढलेली ही तबकडी फारशी खपली नाही. २०१० मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाने ती पुनर्प्रकाशित केली आणि शिकागोतील ‘अ‍ॅसिड हाउस’ संगीताच्या पाच वर्षे आधीचा नमुना म्हणून तिचा गाजावाजा झाला. १९८७ च्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’मध्ये वापरलेले टीबी-३०३ हे वाद्य येथेही आहे, हे खरे. परंतु तेथे त्या यंत्राच्या ध्वनीत सतत होणारा बदल हाच रचनेचा गाभा आहे. येथे ते खर्जात साथ करते आणि रागाची मांडणी दुसऱ्या सिंथेसायझरकडे राहते. साधन एक असले तरी हेतू निराळा आहे. हा भेद न करता दिलेले अग्रदूतपण हा एका अर्थी उपकाराचाच अन्याय होय.

रागसंगीताच्या बाजूने पाहिले तर मर्यादाही स्पष्ट दिसतात. पट्टीवाद्याच्या ठरीव स्वरांत तोडीचा अतिकोमल गंधार सापडणे कठीण. क्रमही समयसिद्धांताला धरून नाही : पहाटेच्या ललितनंतर सायंकाळचा भूपाली आणि लगेच सकाळची तोडी. प्रत्येक राग जेमतेम पाच मिनिटांत आटोपतो, म्हणजे बढतीला वावच नाही. तरीही ही ध्वनिमुद्रिका कानाला सुखावते. एकच आवर्तन अखंड फिरवणारा खर्ज तंबोऱ्याची जागा घेतो, आणि त्यावर मींडसदृश स्वर सहज विसावतात. एका बाजूस पाच राग म्हणजे सुमारे पंचवीस मिनिटांचे मुद्रण होते. खर्जाचा स्वर तबकडीवर रुंद खाच मागतो. बाजू जितकी लांब तितका त्याला संकोच करावा लागतो. अशा मर्यादेत साधलेली ही स्वच्छता यंत्रांइतकीच वादकाच्या संयमामुळेही आहे, असे म्हणावे लागते.

आशा पुथली यांचे उदाहरण वेगळे. मुंबईत जन्मलेल्या व हिंदुस्थानी संगीताची तालीम घेतलेल्या या गायिकेने ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ (१९७२) मध्ये गायन केले. पुढे १९७३ व १९७६ मध्ये त्यांच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिका सी.बी.एस.ने युरोपात प्रसिद्ध केल्या. दुसरीतील ‘स्पेस टॉक’चा तुकडा १९९७ मध्ये नोटोरियस बी.आय.जी. या अमेरिकन रॅप गायकाच्या गीतात आला. असंख्य श्रोत्यांनी तो त्या गीतातच प्रथम ऐकला. मूळ गायिकेच्या दीर्घ श्वासाचा, कुजबुजीपासून वरच्या सप्तकापर्यंत जाणाऱ्या फेकीचा विचार मात्र तेथे होत नाही. तो करण्यासाठी संपूर्ण तबकडीच, दोन्ही बाजूंनी, ऐकावी लागते.