कात्री, खळ आणि बाजार

मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही सामूहिक चित्रप्रदर्शनात चित्रांखालच्या चिठ्ठ्या वाचत फिरावे. 'ऑइल ऑन कॅनव्हास' आणि 'ॲक्रिलिक ऑन कॅनव्हास' यांच्या बरोबरीने 'मिक्स्ड मीडिया' हे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. या शब्दांच्या आडोशाला काहीही खपते: टेक्स्चर पेस्टचे उंचवटे, सोनेरी वर्ख, तागाचा तुकडा, जुन्या स्टॅम्पपेपरचा कोपरा आणि वरून रेझिनचा काचेसारखा थर. विकणारा बहुधा चित्रकार स्वतःच असतो. त्याच्या पाठीशी गॅलरी नसते, एजंट नसतो. काम इन्स्टाग्रामवरून जाते, फेस्टिव्हलच्या स्टॉलवरून जाते, एखाद्या इंटिरियर डिझायनरच्या शिफारशीने जाते. कोलाजवर घर चालवू पाहणारे असे कलाकार आज ठळकपणे दिसतात. त्यांच्या कामाकडे पाहताना एक गोष्ट विसरून चालत नाही. ज्यांनी ही कला घडवली, त्यांतल्या अनेकांचे पोट तिच्यावर चालत नव्हते.

१९१२ मध्ये पिकासोने खुर्चीची वेतवीण छापलेले मेणकापड आपल्या चित्रात चिकटवले. त्याच वर्षी ब्राकने लाकडाचा भास देणारा भिंतकागद कापून रेखाचित्रात बसवला. दोघांनीही उचललेला माल बाजारू आणि नकली होता, आणि गंमत तिथेच होती. चिकटवलेला तुकडा चित्राचा भाग होतो, पण आपले मूळ गाव विसरत नाही. पुढच्या पिढीने हे सूत्र रद्दीपर्यंत नेले. बर्लिनची हाना ह्योख १९१६ पासून दहा वर्षे उलश्टाइन या मोठ्या प्रकाशनगृहात बायकांच्या मासिकांसाठी भरतकाम-विणकामाचे नमुने आखत होती. ती नोकरी हा तिचा पगार होता आणि तिथली सचित्र नियतकालिके तिचा कच्चा माल. हॅनोव्हरचा कुर्ट श्विटर्स ट्रामची तिकिटे, वेष्टने, जाहिरातींचे कपटे जमवून चित्रे करायचा आणि चरितार्थासाठी जाहिरातींची, छपाईची कामे घ्यायचा. नाझींमुळे देशोधडीला लागून तो इंग्लंडला पोहोचला, तेव्हा त्याला लोकांची व्यक्तिचित्रे आणि निसर्गदृश्ये काढून गुजराण करावी लागली.

आपल्याकडचे चित्रही वेगळे नाही. १९६५ मध्ये चित्रकार भूपेन खख्खर यांचे पहिले एकल प्रदर्शन जहांगीर आर्ट गॅलरीत झाले. त्यात देवादिकांची स्वस्त रंगीत छापील चित्रे कापून केलेले कोलाज होते. खख्खर मुंबईत वाढलेले, चार्टर्ड अकाउंटंट झालेले. बडोद्याला गेल्यावरही कितीतरी वर्षे ते अर्धवेळ हिशेबनिशी करत राहिले. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी पन्नाशी उलटल्यावर शस्त्रक्रियेनंतर पूर्ण गेली. त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून जी चित्रे केली, ती गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून केलेली नव्हती. केरळातून येऊन हैदराबादेत राहिलेल्या सी. के. राजन यांनी १९९२ ते १९९६ या काळात मासिके-वर्तमानपत्रांतली चित्रे कापून 'माइल्ड टेरर्स' ही छोट्या कोलाजांची मालिका केली. कासेलच्या 'डॉक्युमेंटा' या कलाप्रदर्शनात ती पोहोचली २००७ मध्ये.

विकण्याची सक्ती नव्हती म्हणून कोलाज बेधडक राहिला, असे अनुमान यातून काढता येते. ते निम्मेच खरे आहे. खख्खरांनी कापलेल्या त्या देवांच्या तसबिरी मुळात बाजाराचीच निपज होती. १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसने लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोहोचवल्या. अनेक घरांत त्या नुसत्या चौकटीत बसल्या नाहीत. छापील साडीवर खऱ्या कापडाची साडी चिकटली, दागिन्यांवर टिकल्या आणि जर चढली. आपल्याकडचा मिक्स्ड मीडिया आर्ट स्कूलच्या बाहेर, विकत आणलेल्या छापील चित्रावर असा सुरू झालेला आहे. करणाऱ्यांची नावे त्यावर नाहीत. तेव्हा बाजार आला म्हणून कला बिघडली, हे रडगाणे इथे लागू पडत नाही. बाजार या कलेला कच्चा माल पुरवतो तेव्हा काय होते आणि तोच तिचा मुकादम होतो तेव्हा काय होते, हा फरक तपासायचा आहे.

सध्याच्या कामाचे मला तीन प्रवाह दिसतात. पहिला आणि सर्वांत खपाऊ प्रवाह पृष्ठभागाचा. इथे कागद, कापड, वाळू, वर्ख हे सगळे पोत म्हणून येतात. सोफ्याच्या मागच्या भिंतीवर ते शोभून दिसतात, आणि शोभून दिसणे हा काही गुन्हा नव्हे. पण पोत हा अर्थाचा पर्याय नाही. याच प्रवाहाची धडपणे साधलेली बाजू पाहायची असेल, तर पुण्यात शिकून पॅरिसला गेलेल्या सुजाता बजाज यांची कामे पाहावीत. तिथे संस्कृत मजकुराचे कपटे रंगाच्या थरांतून वर येतात, बुडतात, आणि रंगाची धग ठरवतात. कपटा काढला तर चित्र कोसळेल, अशी त्याची जागा असते.

दुसरा प्रवाह गतकाळाच्या ओढीचा. बसची तिकिटे, टपालाची तिकिटे, इराणी हॉटेलांची मेन्यूकार्डे, हिंदी सिनेमाची पोस्टरे, जुन्या दिवाळी अंकांची पाने. या सगळ्यांत आज मोडी लिपीतले कागद फार दिसतात. पिवळट कागद, वळणदार काळी शाई, एखादा शिक्का: डोळ्याला ते भावते. पण बहुतेकदा कापणाऱ्याला मोडी वाचता येत नाही, विकत घेणाऱ्यालाही नाही. तो कागद कुणाचे कर्जखत आहे, कुणाच्या वाटणीचा तंटा आहे, की नुसता किराण्याचा हिशेब, याचा पत्ता दोघांनाही नसतो. इथे एक साधी कसोटी लावावी: त्या तुकड्याच्या जागी दुसरा कुठलाही जुना कागद ठेवून पाहावा. चित्र जराही हलले नाही, तर तो कोलाज नव्हे, जुन्या कागदाची सजावट आहे. कर्जखताच्या मजकुरावर आजच्या शेताचे चित्र उभे राहिले असते, तर बदललेला कपटा लगेच खुपला असता. शिवाय मूळ दस्त एकदा कापला की तो इतिहासाच्या अभ्यासकाच्या हातून कायमचा गेला. वाचून घ्यावा, स्कॅन करावा, प्रतीवर कात्री चालवावी. यात कलेचे काहीच नुकसान नाही.

राजन यांच्या कोलाजांशी तुलना केली की या प्रवाहातली उणीव उघडी पडते. त्यांनी कापलेली मासिके त्या क्षणाची होती. उदारीकरणानंतरच्या भारतात दुकानांत आणि जाहिरातींत जे नवे चकचकीत जग येत होते, त्याचेच तुकडे, प्रमाण बिघडवून, ओळखीच्या रस्त्यांवर आणि खोल्यांत येऊन बसत होते. आजचा बराचसा कोलाज मात्र आजच्या रद्दीला हात लावत नाही. ऑनलाइन खरेदीची खोकी, औषधांची पाकिटे, निवडणुकीची पत्रके, गुळगुळीत लग्नपत्रिका, गृहप्रकल्पांच्या पुरवण्या यांचा आपल्या घरात ढीग असतो. त्याला जुनेपणाची लाली नाही, म्हणून तो कचऱ्यात जातो. ग्राहक आठवण विकत घेतो आणि कलाकार त्याला त्याचीच आठवण चौकटीत घालून परत देतो. व्यवहार चोख होतो, पण नवे काही कळत नाही. देवांच्या तसबिरी कापायला तर आज कितीजण धजावतील? जहांगीरच्या भिंतीवर १९६५ मध्ये जे चालले, ते मोबाइलवर एकट्याच्या नावाने टाकताना माणूस दहादा विचार करतो, कारण अंगावर आले तर सावरायला संस्था नाही.

तिसरा प्रवाह पडद्यावरचा. फाइलमध्ये कापायचे, फाइलमध्ये जोडायचे आणि हवे तेवढे प्रिंट काढायचे. कल्पकता इथे कमी नाही. विनोद तर कागदी कोलाजापेक्षा जास्तच आहे. पण संगणक सगळे तुकडे एका प्रतलावर आणतो. कागदाची जाडी, फाटलेल्या कडेचा पांढरा तंतू, दोन कागदांच्या दोन वेगळ्या काळ्या शाया, हे सगळे एकाच शाईत विरघळते. मातिसने कापलेल्या रंगीत कागदांवरून १९४७ मध्ये 'जॅझ' हे पुस्तक निघाले. तेच रंग वापरून, स्टेन्सिलने, अत्यंत काळजीपूर्वक ते छापले होते. तरीही मातिस नाराज झाला, कारण कापलेल्या कागदाचे सजीवपण छपाईत सपाट झाले होते. आज मूळ कोलाजाचे प्रिंट विकणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा. प्रिंट विकू नये असे नाही. महिन्याचे भाडे त्यातूनच निघते. पण चित्र करतानाच ते छापून कसे दिसेल असा विचार सुरू झाला, की कलाकार जाड, उंचसखल, अवघड तुकडे आपणहून टाळू लागतो. बाजाराची मुकादमी सुरू होते ती इथून.

किमतीचे गणितही तोच कल वाढवते. आपल्याकडे चित्राचा भाव चौरस इंचावर सांगण्याची सवय मुरलेली आहे. समजा, इंचाला वीस रुपये धरले. आठ बाय दहाच्या कोलाजाचे सोळाशे होतात, चाळीस बाय पन्नासच्या कॅनव्हासचे चाळीस हजार. पहिल्यासाठी तुकडे शोधण्यात महिना गेला असेल, दुसऱ्यावर पॅलेट नाइफने दोन दिवसांत काम उरकले असेल. कोलाज मुळात हातभर अंतरावरून पाहायची, छोट्या मापाची कला आहे. इंचाचा भाव तिला मोठे व्हायला भाग पाडतो, आणि मोठ्या मापात तुकड्यांचा संवाद पातळ होऊन मधल्या जागा टेक्स्चरने भरल्या जातात. गॅलरी तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत वाटा घेते. जहांगीरमध्ये तारखेसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. म्हणून कुणी तिच्याच बाहेरच्या फुटपाथवर चित्रे मांडतो, कुणी काळा घोडा महोत्सवात स्टॉल घेतो. तिथे वर्दळीत दोन-चार सेकंदांत नजर थांबवणारे चित्रच टिकते. सावकाश उलगडणारे मागे पडते.

तरी थेट विक्रीने या कलेला एक शिस्तही लावली आहे, आणि ते श्रेय द्यायला हवे. गिऱ्हाईक समोर असले की टिकाऊपणाचा जाब द्यावा लागतो. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन असते. उजेडात तो पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो. सुतारकामाचा पांढरा गोंद पक्का खरा, पण नंतर दुरुस्तीसाठी कागद सुटा करायचा म्हटले तर सुटत नाही. बाइंडर मंडळींची मोरचूद घातलेली गव्हाची खळ पाण्याने सुटते, मात्र कोकणातल्या पावसाळ्यात बुरशी आणि कसर यांच्यापासून ती जपावी लागते. हे सगळे ज्ञान पूर्वी संग्रहालयांच्या संवर्धकांकडे असे. आता धडपड्या कलाकारांना ते तोंडपाठ आहे. ते पुण्यातल्या, १९४० पासून चालत आलेल्या हातकागद संस्थेचा चिंध्यांपासून केलेला कागद पायाला घेतात, काच आणि चित्र यांच्यात अंतर ठेवणारी खोल चौकट करून घेतात आणि मागे तारीख, साहित्य लिहितात.

कायद्याच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद आहे. मुखपृष्ठांचे चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये. भारतीय कायद्याने चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. म्हणजे त्यांच्या मुखपृष्ठांवरच्या ललना अजून मोकळ्या झालेल्या नाहीत, आणि त्यांचे स्कॅन वापरून काढलेले प्रिंट सर्रास विकणे धोक्याचे आहे. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, तिथे अडचण नाही. कायदा कलाकाराच्या बाजूनेही बोलतो: मूळ चित्र दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्यात चित्रकाराला दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. पण तरतुदीत चित्र, शिल्प, रेखाचित्र यांची नावे आहेत, कोलाजचे नाही. जीएसटीच्या वर्गवारीत मात्र ९७०१ या शीर्षकाखाली चित्रांबरोबर कोलाज नावानिशी हजर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथला दर बारा टक्क्यांवरून पाचवर आला. कर घेणाऱ्याला जी कला माहीत आहे, तिला आपल्या एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षांत स्थिरचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांच्या शेजारी स्वतंत्र विषयाची जागा नाही. कापणे आणि जोडणे हा विचार करण्याचा प्रकार आहे, हे मुलाला शाळेत कळले नाही, तर पुढे कोलाज विकत घेताना तो रंगसंगतीच पाहणार.

एकंदर हिशेब मांडला, तर हातोटी वाढली आहे, साहित्याची जाण वाढली आहे, विक्रीचे मार्ग वाढले आहेत. कमी झाली आहे ती निवडीची कठोरता. ह्योख, श्विटर्स, खख्खर यांना पगाराने किंवा दुसऱ्या कामाने जी मोकळीक दिली, ती आजच्या स्वतंत्र कलाकाराने आपल्याच धंद्यात राखून ठेवायला हवी. प्रिंट, ऑर्डरी, कार्यशाळा यांतून घर चालवावे, पण वर्षातली काही कामे प्रिंटसाठी, मापासाठी, भिंतीच्या रंगासाठी नाहीत, असे आधीच ठरवून टाकावे. त्यांची किंमत इंचावर न सांगता कामावर सांगावी. घेणाऱ्यानेही 'केवढ्याला?' च्या आधी 'हा कागद कुठला, आणि हाच का?' असे विचारावे. गॅलरीच्या जाचातून सुटलेल्या कलाकाराला 'हे काम अजून झालेले नाही' असे सांगणाराही कोणी उरलेला नाही. ते त्याने स्वतःला सांगितले नाही, तर त्याच्या स्वातंत्र्याचा उपयोग फक्त माल लवकर पोहोचवण्यापुरता राहील.