संहिता आणि यंत्र : जुन्या साहसखेळांच्या पुनर्वाचनाचा प्रश्न

बीजसंज्ञा : साहसखेळ, पाठचिकित्सा, पाठभेद, जतन, संगणकीय संहिता

प्रस्तावना

संगणकावरील खेळ मराठी समीक्षेच्या कक्षेत क्वचितच येतात. तथापि 1970 ते 1990 या दशकांत बहरलेला ‘ॲडव्हेंचर गेम’ म्हणजेच साहसखेळ हा प्रकार मूलतः वाङ्मयीन आहे. विल क्राउदर यांनी रचलेल्या आणि डॉन वुड्स यांनी 1977 मध्ये वाढविलेल्या ‘कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’ या खेळात एकही चित्र नव्हते. पडद्यावर गुहेचे वर्णन उमटे, खेळणारा एक-दोन शब्दांची आज्ञा टंकित करी आणि कथा पुढे सरके. पुढे चित्रे आली, आवाज आला. परंतु वर्णन, संवाद, कोडे आणि विनोद हेच या प्रकाराचे बळ राहिले. हे खेळ आज नव्या संगणकावर चालविताना आपण मूळ कृती वाचतो की तिची एखादी आवृत्ती, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संहिता आणि तिची किल्ली

आपल्या वर्धा जिल्ह्याला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महत्त्वाचे स्थान. या पंथाचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होते. पोथ्या शाबूत होत्या, पण किल्ली नसलेल्या वाचकासाठी त्या मुक्याच होत्या. इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केल्यावर मराठी वाङ्मयेतिहासाचे एक मोठे दालन उघडले.

जुन्या खेळांची अवस्था अशीच आहे. फ्लॉपीवरील माहिती वाचता आली, तरी 16 बिटचे जुने प्रोग्राम 64 बिटच्या विंडोजवर थेट चालत नाहीत. यावर दोन उपाय प्रचलित आहेत. 2002 मध्ये आलेले ‘डॉसबॉक्स’ जुन्या संगणकाचीच नक्कल उभी करते. खेळाला आपण जुन्याच यंत्रावर आहोत असे वाटते. 2001 मध्ये सुरू झालेल्या ‘स्कमव्हीएम’चा मार्ग निराळा आहे. रॉन गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी ‘मॅनियाक मॅन्शन’ (1987) या खेळासाठी ‘स्कम’ ही पटकथा-भाषा घडविली होती. पुढील अनेक खेळ त्याच भाषेत लिहिले गेले. स्कमव्हीएम खेळाच्या मूळ फाइली तशाच ठेवून त्या वाचणारा प्रोग्राम तेवढा नव्याने पुरविते. पहिल्यात जुने घर पुन्हा बांधले जाते, दुसऱ्यात केवळ किल्ली नव्याने घडविली जाते.

पाठभेद आणि प्रामाण्य

तथापि किल्ली सापडली म्हणजे मूळ पाठ मिळाला असे होत नाही. ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ (1990) हा खेळ प्रथम 16 रंगांत, नंतर 256 रंगांत आणि पुढे सीडीवर आला. 2009 मध्ये त्याची नव्याने चितारलेली, संवादांना आवाज दिलेली आवृत्ती निघाली. यांतील प्रमाण पाठ कोणता?

एक उदाहरण बोलके आहे. फ्लॉपीवरील आवृत्तीत जंगलातील एका झाडाच्या बुंध्याशी गेल्यावर खेळ 22 क्रमांकाची फ्लॉपी घालण्यास सांगत असे. अशी फ्लॉपी नव्हतीच. ती थट्टा होती. अनेकांना आपली फ्लॉपी गहाळ झाली असे वाटले आणि सीडीवरील आवृत्तीतून हा विनोद वगळण्यात आला. फ्लॉपी बदलण्याचा कंटाळा ज्याने अनुभवला नाही, त्या वाचकाला हा विनोद मुळातच कळणार नाही. म्हणजे माध्यम हा येथे संहितेचाच भाग आहे.

संत एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती मध्ये शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठी. नव्या रूपातील खेळांत बहुधा उलट घडते. आजच्या रुचीसाठी पाठ बदलला जातो. मात्र 2009 च्या आवृत्तीत एक कळ दाबताच जुने रूप समोर येते. पाठभेद वाचकासमोर ठेवण्याची ही रीत संपादकांनी दखल घ्यावी अशी आहे.

वाचनाचा अनुभव

1994 चा ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा खेळ 2003 पासून विनामूल्य उपलब्ध आहे. प्रस्तुत लेखिकेने तो महाविद्यालयाच्या संगणक कक्षात स्कमव्हीएमवर चालवून दाखविला. तो सुरू करण्यास फारसे कष्ट पडले नाहीत. अडचण पुढे आली. “मॅडम, पुढं काय करायचं ते हा दाखवतच नाही,” असे एका विद्यार्थ्याने म्हटले. ही तक्रार खरी होती आणि तीच या प्रकाराची व्याख्याही होती. येथे प्रत्येक वस्तूचे वर्णन वाचावे लागते, कारण उत्तर वर्णनात दडलेले असते. जुन्या खेळांचे पुनर्वाचन ही केवळ स्मरणरंजनाची बाब नाही. सावकाश वाचनाची सवय त्यात गृहीत आहे, आणि ती कोणतेही एम्युलेटर पुरवू शकत नाही.

हक्कांचा प्रश्न

‘झॉर्क’च्या पहिल्या तीन भागांची मूळ संहिता मायक्रोसॉफ्टने 2025 मध्ये मुक्त परवान्याखाली खुली केली. असे औदार्य अपवादात्मक आहे. भारतीय स्वामित्वहक्क कायदा, 1957 मधील कलम 52 प्रोग्रामच्या वैध धारकास राखीव प्रत करू देते. सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची 2012 मधील मुभा मात्र ग्रंथालयाकडे आधीच डिजिटलेतर प्रत असेल तरच लागू होते. जी कृती जन्मतःच डिजिटल आहे, तिला ही मुभा नेमकी उपयोगी पडत नाही.

समारोप

या खेळांमागे जगभरचे हौशी प्रोग्रामर उभे राहिले, म्हणून ते वाचले. आपल्याकडील त्याच काळातील मराठी सामग्रीला असा वाली नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टांच्या स्वतंत्र सांकेतिक रचनांत टंकित होत असे. एका जुन्या स्मरणिकेची सीडी प्रस्तुत लेखिकेने अलीकडेच उघडली. फाइल उघडली, पण तो फॉन्ट नसल्याने पडद्यावर केवळ निरर्थक चिन्हे उमटली. ही आजची सकळ लिपीच होय; फरक इतकाच की ती कोणी हेतुपुरस्सर गुप्त केलेली नाही. पाठचिकित्सेची परंपरा असलेल्या मराठी विभागांनी संगणकशास्त्र विभागांना सोबत घेऊन या किल्ल्या घडविल्या पाहिजेत. पोथी सहाशे वर्षे वाट पाहू शकली. सीडी तेवढी वाट पाहणार नाही.