लंपनला न्यायला कोण येतं?

विषय छापलाय ‘बालपणीची जखम आणि कुमारांची कादंबरी’. मी मात्र जे बोलणार आहे, ती काटेकोर अर्थानं कादंबरी नाही. प्रकाश नारायण संतांची लंपनची चार पुस्तकं : ‘वनवास’ १९९४ चं, ‘शारदा संगीत’ १९९७ चं, ‘पंखा’ २००१ चं आणि लेखक गेल्यानंतर २००४ साली आलेलं ‘झुंबर’. छापलेत कथासंग्रह म्हणून. पण एकच मुलगा, एकच घर, एकच गाव, आणि पानागणिक थोडं थोडं मोठं होणं. ओळीनं चारही वाचा, कादंबरीच वाचल्यासारखं होतं. म्हणून मी तशीच धरतो.

इंग्रजीत तरुण मुलांसाठी अशा पुस्तकांची रांग लागलेली आहे. लॉरी हॅल्स अँडरसनची ‘स्पीक’ १९९९ ची. अत्याचारानंतर एक मुलगी बोलणंच सोडते, आणि चित्रकलेच्या तासाला झाड काढता काढता हळूहळू बोलती होते. चांगली कादंबरी आहे. पण तिच्यामागून जी आली, त्यातल्या बऱ्याच पुस्तकांत हिशोब ठरलेला : आधी जखम, मग तिचं नाव, मग रडणं, शेवटच्या प्रकरणात बरं होणं. ताप उतरावा तसं दुःख उतरतं. मला ते पटत नाही, बरं का.

लंपनकडे या. आई-बाबांचं घर एका गावी आणि हा आजी-आजोबांकडे, बेळगावच्या बाजूच्या कानडी-मराठी मुलखात. दुःख एवढंच. मारहाण नाही, उपाशी ठेवणं नाही. उलट माया उतू जातेय. आणि तरी पहिल्या पुस्तकाचं नाव काय, तर ‘वनवास’! लेकराला हे सांगता येत नाही. मग तो काय करतो? आकडे सांगतो. कुठलीही गोष्ट हजारांच्या हिशोबात, आणि तेही वरचे सुटे धरून. शिवाय ‘मॅड’ हा शब्द, कशालाही. आपण हसतो. मीही पहिल्यांदा हसलोच होतो. दुसऱ्या वाचनात जाणवलं की, भावना अंगावर यायला लागली की हा मोजायला लागतो. जे मावत नाही त्याला आकडा लावून बघतो. संतांनी याला कुठं ‘हा मुलगा दुखावलेला आहे’ असं म्हणू दिलेलं नाही. मराठीत पोरक्या मुलाची गोष्ट म्हटली की लेखक आधी स्वतः रडून घेतो. इथं तसं होत नाही, हे फार मोठं आहे.

हे कुठून आलं असेल? लेखकाचं चरित्र फार ओढू नये, पण इथं टाळता येत नाही. संत म्हणजे कवयित्री इंदिरा संत आणि कवी नारायण संत यांचा मुलगा. वडील १९४६ मध्ये गेले, तेव्हा हे नऊ वर्षांचे. आजोळी दत्तक गेले, म्हणून कागदोपत्री नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. आणि लिहायला घेतलं ते वडिलांचं नाव लावून! त्याच मरणाची कविता आईनं लिहिली, मुलानं कितीतरी उशिरा गोष्टी लिहिल्या. साठच्या दशकात लंपन सुरू केला आणि मग जवळजवळ तीस वर्षं गप्प. कराडला भूगर्भशास्त्र शिकवत राहिले. जखम भरणं म्हणतात ते एवढ्या संथपणे चालतं.

आता माझी तक्रार. मी शिक्षक माणूस. एका हिवाळ्यात वर्गात ‘वनवास’ मोठ्यानं वाचायला घेतलं. आपल्या गंगाखेड, सोनपेठकडची गावं तुम्हाला माहीतच आहेत. दिवाळी झाली की बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात आणि लेकरं आजीपाशी राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात. माझ्या वर्गात असली सहा-सात तरी होती. मला वाटलं, हे पुस्तक यांचंच. एकानं पहिल्याच दिवशी विचारलं, “सर, ह्याला न्यायला कोणी येतं का?” दुसऱ्या दिवशी त्याचाच दुसरा प्रश्न, “ह्याची आजी दिवसभर घरीच ऱ्हाती का?”

मी थबकलो. त्याची आजी रोजानं निंदायला जात होती. लंपन शाळेतून येतो तेव्हा दार उघडं असतं, चूल पेटलेली असते, पुस्तकं असतात, गाणं असतं. त्याचं सावरणं या सगळ्यावर उभं आहे, आणि हे सगळं पुस्तकात हवेसारखं गृहीत धरलंय. संतांचा हा दोष म्हणू नका. त्यांनी आपलं घर लिहिलं. दोष आपला, की लंपनला आपण ‘प्रत्येकाचं बालपण’ म्हणत सुटलो. ते एका घराचं बालपण आहे.

पण गंमत अशी, की त्या पोरानं पुस्तक सोडलं नाही. आजीचा भाग आला की खाली बघायचा, आकडे आले की वर. पुढं पुढं स्वतःच आकडे बोलायला लागला. पाडव्याला किती दिवस उरले, तेही सुट्या तासांसकट. माय-बाप यायचे होते ना.

बी. रघुनाथांच्या या गावात हे बोलतोय म्हणून सांगतो, कुलूप लावलेल्या दारापाशी दप्तर घेऊन बसणाऱ्या पोराचं, त्याच्याच तोंडच्या बोलीतलं पुस्तक मी शोधतोय. अजून हाती लागलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर आत्ताच सांगा, प्रश्नांच्या आधी तेच घेऊ.